जेलीफिश डसली? आधी चोळणं थांबवा

समुद्रातून ओरडत बाहेर आलेल्या माणसाच्या पोटरीवर चाबूक बसल्यासारखे लाल वळ असतात. वाकून पाहिलं तर वळावर काचेसारखा पारदर्शक, बुळबुळीत धागा अजून चिकटलेला दिसतो. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी मूठभर ओली वाळू घेऊन चोळायला बसतं.

पहिली चूक हीच. त्या धाग्यात असंख्य सूक्ष्म डंखपेशी असतात आणि सगळ्याच काही पहिल्या स्पर्शात फुटत नाहीत. उरलेल्या फोडायचं काम चोळणारा करतो. बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतणंही तसंच अंगाशी येतं: खारेपणा एकदम उतरतो आणि पेशी विष सोडतात. धुवायचं ते समुद्राच्याच पाण्याने, धागे काढायचे चिमट्याने. किनाऱ्यावर मरून पडलेली जेलीफिशसुद्धा डसते, तेव्हा बोटं लावू नका. डंखावर लघवी करा असं कोणी सांगितलं, तर एवढंच, की उपयोग नाही, शोभा मात्र होते.

व्हिनेगर सरसकट ओतू नका. चौकोनी घुमटाच्या, अतिविषारी बॉक्स जेलीफिशच्या डंखावर ते किमान ३० सेकंद ओततात. त्याने न फुटलेल्या पेशी निकामी होतात, वेदना थांबत नाही. निळसर फुग्यासारख्या ब्लूबॉटलसाठी मात्र ऑस्ट्रेलियात व्हिनेगर नको म्हणतात. तिथे आधी समुद्राचं पाणी, मग साधारण ४५ अंश सेल्सियसचं गरम पाणी २० मिनिटं. घट्ट पट्टी कुठल्याच जेलीफिशच्या डंखावर बांधू नका, ती समुद्री सापाच्या दंशासाठी.

पाकट किंवा शिंगाळा या माशांचा विषारी काटा घुसला, तर गोष्ट वेगळी. इथे लोक बर्फ शोधतात, हवं असतं गरम पाणी. या विषातली प्रथिनं उष्णतेने बिघडतात, म्हणून सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या पायाने पाहू नका. ठणक्यापुढे चटका कळत नाही आणि कातडी भाजते. आधी चांगला पाय बुडवून बघा.

पाकटाचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल, तर उपटू नका. आहे तसा ठेवून थेट रुग्णालय गाठा. श्वास लागणं, छातीत दुखणं, चेहरा सुजणं, भोवळ, यातलं काही दिसलं तरी घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. पायातली जखम छोटी दिसली म्हणून वरून चिकटपट्टी लावून बंद करू नका. काट्याचा तुकडा आत राहतो, जखम चिघळते. डॉक्टरांना एक्स-रेबद्दल विचारा, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही सांगा.