एबीसी नोंदी शिकताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वर्तन-विश्लेषण शिकायला आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे मूल असं का वागतं?" आणि उत्तरंही ठरलेली: हट्टी आहे, चिडकं आहे, लाडावलेलं आहे. असं उत्तर एकदा दिलं की पुढे करण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून मी आधी कागदावर तीन रकाने आखायला लावते. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच पुढे काय झालं. हीच एबीसी नोंद (अँटिसिडंट, बिहेविअर, कॉन्सिक्वेन्स या तीन शब्दांची आद्याक्षरं).

मधला रकाना सोपा वाटतो, पण गाडी अडते ती तिथेच. "राग आला" ही नोंद नव्हे. "वही जमिनीवर फेकली, डोकं बाकावर टेकवलं, 'नाही' म्हणून दोनदा ओरडला" ही नोंद. वर्तन-विश्लेषक ऑग्डन लिंड्सली यांची एक कसोटी इथे उपयोगी पडते: जे मेलेला माणूसही करू शकतो, ते वर्तन नव्हे. "गडबड न करणे" हे उद्दिष्ट या कसोटीवर सरळ नापास होतं.

आता वहीचंच बघू. शिक्षिका म्हणाल्या, "उतारा लिहायला घ्या." मुलाने वही फेकली. त्याला वर्गाबाहेर उभं केलं. शिक्षिकेच्या लेखी ही शिक्षा झाली. पण दुसऱ्या दिवशी लेखनाच्याच तासाला वही पुन्हा उडते, तीही आदल्या दिवसापेक्षा लवकर. तिसऱ्या रकान्यात "शिक्षा केली" लिहिलंत तर हे कोडं सुटणार नाही. "बाहेर पाठवलं, लेखन थांबलं" असं लिहा, मग दिसेल: मुलाला नको असलेलं काम टळलं. नकोसं काहीतरी दूर झाल्यामुळे वर्तन वाढतं, त्याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात. परीक्षेत निम्मे विद्यार्थी त्याला शिक्षा समजून मोकळे होतात. शिक्षेने वर्तन कमी व्हायला हवं. इथे ते वाढतंय. आणि हो, मूल बाहेर गेल्यावर वर्ग शांत होतो, त्यामुळे बाहेर पाठवण्याची शिक्षिकेची सवयही पक्की होते. ही बाजू नोंदीत सहसा कुणी लिहीत नाही.

पण वही फेकली म्हणजे काम टाळायचंय, असा नियम करू नका. दुसरं मूल तीच वही सगळ्यांनी वळून बघावं म्हणून फेकेल, तिसरं हवी ती वस्तू मिळावी म्हणून. काही वर्तनं तर आजूबाजूला कुणी नसलं तरी चालूच राहतात, कारण त्या हालचालीतच काहीतरी मिळत असतं. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या 9 जणांना वेगवेगळ्या परिस्थितींत तपासलं, तेव्हा दिसायला सारखं वर्तन वेगवेगळ्या कारणांनी टिकून असल्याचं पुढे आलं. नोंदींवरून फक्त अंदाज बांधता येतो. खात्री करायची तर परिस्थिती मुद्दाम बदलून पाहावी लागते, आणि ते अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच.

पहिल्या रकान्यात फक्त शेवटच्या मिनिटाचं लिहू नका. झोप कमी झाली, दात दुखतोय, औषध बदललं, हेही तिथे हवं. वर्तन अचानक बदललं असेल तर आधी डॉक्टर, मग चार्ट.

कारण हाती लागलं की मुलाला हवं ते मिळवण्याचा सोपा मार्ग शिकवायचा. काम टाळणाऱ्याला "मदत हवी" किंवा "थोडी विश्रांती हवी" म्हणायला, नाहीतर तसं कार्ड द्यायला शिकवा, आणि सुरुवातीला मागितल्याबरोबर द्या. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी 1985 मध्ये हीच वाट दाखवली. जुन्या वर्तनाला मिळणारं फळ बंद केल्यावर मात्र ते कमी होण्याआधी कधीकधी उसळतं. नेमक्या त्या उसळीत घरच्यांनी हार मानली तर मूल शिकतं की जास्त जोर लावला की मिळतं. त्यामुळे ही उसळी येऊ शकते, हे पालकांना योजना सुरू करण्याआधीच सांगून ठेवा. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला मारत असेल तर "दुर्लक्ष करा" हा सल्ला नवख्याने द्यायचाच नाही. तिथे वरिष्ठांना बोलवायचं.