अंदमानचा सेक्शन काढताय? निदान या चुका तरी करू नका

दर वर्षी कुणीतरी ॲक्रीशनरी प्रिझमचा (खाली जाणाऱ्या प्लेटवरून खरवडून साठलेल्या गाळाच्या थप्पीचा) सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून मला दाखवतं आणि दर वर्षी त्यात त्याच गडबडी असतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिली चूक खास आपल्याकडच्या पोरांची. सह्याद्रीत बेसॉल्टचे थर बघून डोळा तयार झालेला, खालचा जुना, वरचा नवा, विषय संपला. अंदमानात हे नाही चालत. तिथे भारताची प्लेट पश्चिमेकडून येऊन पूर्वेला खाली जाते, जाताना तिच्यावरचा गाळ खरवडला जातो, आणि प्रत्येक नवा काप जुन्या थप्पीच्या पुढे आणि खाली घुसतो, रद्दीच्या गठ्ठ्याखाली आजचा पेपर सरकवावा तसा. त्यामुळे एका कापाच्या आत थर पूर्वेकडे नवे होत जातात, पण अख्खी थप्पी मात्र पश्चिमेकडे नवी होते.

एकदा साउथ अंदमानला आमच्यासोबत एक हुशार मुलगा होता. चार दिवस ग्रेडेड बेडिंग (थरात खाली जाड, वर बारीक कण) बघून थर नवे होण्याच्या दिशेचे सगळे बाण पूर्वेला, नोंदी एकदम चोख. पाचव्या दिवशी पावसाला वैतागून रूमवर बसला, लॅपटॉपवर सगळे बाण जोडले आणि एकच सलग सेक्शन केला. मधले थ्रस्ट (ज्या भेगांवरून एक काप दुसऱ्यावर चढतो त्या) गायब, जाडी अफाट, आणि पूर्वेचा ओफिओलाइट (समुद्रतळाच्या कवचाचा वर आलेला तुकडा) सगळ्यात तरुण! अरे तो साधारण 9.5 कोटी वर्षांचा आहे, शेजारचा फ्लिश (वाळू आणि शेल, म्हणजे चिखलाचा खडक, यांचे आलटून पालटून थर) त्याच्यापेक्षा कितीतरी नवा. म्हणे सर, सॉफ्टवेअरने असंच जोडलं. आता सॉफ्टवेअर बिचारं काय करणार, तोच वाळू-शेलचा क्रम तीनदा आलाय (थ्रस्टची खूण) हे याच्याच वहीत लिहिलेलं होतं, वाचायला वेळ कुणाला? तेव्हापासून माझ्या ट्रिपला लॅपटॉप बंद. लाल पेन्सिलने आधी थ्रस्ट काढायचे, शंका असेल तिथे तुटक रेघ, थर नंतर.

तो ओफिओलाइट म्हणजे खाली जाणाऱ्या प्लेटचा खरवडलेला तुकडा, असंही लिहितात. नाही, तो वरच्या प्लेटचा. खालच्या प्लेटचा बेसॉल्ट जवळपास सगळा आत जातो, वर अडकतो तो मुख्यतः गाळ, फार तर बेसॉल्टचे तुकडे किंवा एखाद्या समुद्री डोंगराचं टोक.

प्रत्येक समुद्री खंदकापाशी (प्लेट खाली जाते तिथे) प्रिझम वाढतोच असं नाही. खंदकात गाळ भरपूर आणि प्लेटचा वेग कमी असेल तर साठतं, नाहीतर वरची प्लेटच खालून झिजते. जपानमध्येच बघा ना, नानकाईला भर पडते आणि तोहोकूसमोर झीज. गाळ ढकलत ढीग करणाऱ्या बुलडोझरचं चित्र सगळीकडे चिकटवू नका.

सिस्मिक सेक्शनमध्ये (ध्वनिलहरींनी मिळवलेल्या छेदात) प्रिझम कळसूबाईसारखा उभा दिसला तर आधी व्हर्टिकल एक्झॅजरेशन (उभं माप आडव्यापेक्षा किती ताणलंय ते) बघा, खरा उतार काही अंशांचाच असतो. आणि उभा अक्ष सेकंदात (लहर जाऊन परत यायचा वेळ) आहे की किलोमीटरमध्ये, तेही.

गाळ मऊ, मग मोठा भूकंप कसा होईल असं विचारणाऱ्यांसाठी: मकरानला (पाकिस्तान-इराणचा किनारा) गाळाची जाडी 7 किमीच्या आसपास आहे, तरी 28 नोव्हेंबर 1945 ला तिथे 8 च्या वरचा भूकंप झाला आणि त्सुनामी मुंबईपर्यंत आली.

पाणी विसरू नका. गाळ दाबला की त्यातलं पाणी नि वायू वाट काढतात, अंदमानातल्या बारातांगचे मड व्होल्कॅनो (चिखल ओकणारे ढिगारे) त्यातलेच. त्याला लाव्हा म्हणणारे रिपोर्ट मी न वाचता परत करतो, तो चिखल गार असतो हो.