साथीतली सरकारी धोरणं ताडून कशी पाहायची: जिल्ह्यापासून देशापर्यंत

आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘कुठल्या सरकारनं चांगलं काम केलं?’ हे मोजता येत नाही. ‘टाळेबंदीआधी लोकांना किती अवधी मिळाला आणि त्या काळात मजुराच्या हातात काय पडलं?’ हे मोजता येतं.

कोरोनाच्या साथीतले भारत आणि न्यूझीलंड घ्या. दोन्हीकडं टाळेबंदी २५ मार्च २०२० चीच. आपल्याकडं २४ तारखेला रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्री अंमल सुरू झाला. तिकडं निर्बंधांच्या चार पातळ्या २१ मार्चलाच जाहीर झाल्या होत्या, आणि सर्वांत कडक पातळीसाठी ४८ तास आधी सांगितलं गेलं. तिथं पूर्णवेळ कामगारामागं आठवड्याला ५८५.८० न्यूझीलंड डॉलर मालकामार्फत मिळाले. इथं रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो मोफत धान्य आणि महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने दरमहा ५०० रुपये. बीडचे ऊसतोड मजूर कारखान्यांवर अडकले होते. त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय व्हायला एप्रिलचा मध्य उजाडला. त्यामुळं तक्त्यात आदेशाची तारीख आणि मदत हातात पडल्याची तारीख हे दोन रकाने वेगळेच ठेवा. सगळ्यात जास्त फरक तिथंच सापडतो.

बाकीचे रकाने: आदेश कुणाचा (केंद्र, राज्य की जिल्हाधिकारी), कुठल्या कायद्याखाली (१८९७ चा साथरोग कायदा की २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा), सूट कुणाला, मुदत कधीपर्यंत. सुधारित आदेशाला नवी ओळ द्या, जुनी खोडू नका.

रुग्णसंख्या दर लाख लोकसंख्येमागं, सात दिवसांची मांडा. समजा, हिंगोली आणि छत्रपती संभाजीनगर दोन्हीकडं आठवड्यात २३५ रुग्ण निघाले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अनुक्रमे ११.७७ आणि ३७.०१ लाख. म्हणजे हिंगोलीत लाखामागं २०, संभाजीनगरात जेमतेम ६. आकडा तोच, संकट तिप्पट.

मृत्यूंचं गणित इथंच फसतं. जालना, बीड, परभणीचे अत्यवस्थ रुग्ण घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, आणले जातात. मृत्यू रुग्णालयाच्या जिल्ह्यात धरला, की संभाजीनगरचं धोरण विनाकारण वाईट ठरतं आणि शेजारी सुटतात. रहिवासाचा जिल्हा धरूनच मोजा.

पॉझिटिव्हिटीचा दर (शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले) वापरताना चाचणी कोणती ते बघाच. अँटिजेन या झटपट चाचणीत काही बाधित सुटतात, त्यामुळं तिचा वाटा वाढला की दर आपोआप खाली दिसतो. जून २०२१ मध्ये राज्यानं निर्बंधांचे पाच स्तर केले होते: दर ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असल्या तर पहिला स्तर, दर २० टक्क्यांच्या वर किंवा खाटा ७५ टक्क्यांच्या वर भरल्या तर पाचवा. २५ जूनच्या आदेशानं फक्त आरटीपीसीआर (प्रयोगशाळेतली चाचणी) धरायला सांगितलं. या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे स्तर एका रांगेत ठेवू नका.

देशांसाठी ऑक्सफर्डचा कडकपणा निर्देशांक, ० ते १००, सोयीचा आहे. तो कागदावरचा नियम मोजतो. नाक्यावर अंमल झाला का, हे त्यात येत नाही.

शेवटी जादा मृत्यू काढा: २०१५ ते २०१९ ची त्या-त्या महिन्याची सरासरी २०२१ च्या आकड्यातून वजा करा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण उशिराच्या नोंदी येतच राहतात. म्हणून तारीख मृत्यूची घ्या, नोंदणीची नको.