या लॉटला 'शीतगृह' आहे का? पायथनला विचारायचं कसं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी मी पट्टीचं (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचं) सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहिते. हळद आणि बेदाणा, दोन्हींचे लॉट एकाच प्रोग्रॅममधून जातात. बेदाणा कोल्ड स्टोरेजला असतो, म्हणून त्याच्या ऑब्जेक्टला 'शीतगृह' हा ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टला नावानं जोडलेली माहिती) दिलाय. हळद गोदामात (पूर्वी हरिपूरच्या पेवांत), तिला तो नाही. भाडं धरताना सरळ लॉट.शीतगृह लिहिलं, की हळदीच्या पहिल्याच लॉटला ॲट्रिब्यूटएरर येतो आणि शेतकरी पट्टीची वाट बघत उभा राहतो.

तर आधी विचारून घ्या:

इफ हॅजॲटर(लॉट, "शीतगृह"):
    भाडं = लॉट.शीतगृह.भाडं

(पायथन 3 मध्ये आपण ठेवलेली नावं देवनागरीत खरोखर चालतात. इफ, हॅजॲटर हे पायथनचे स्वतःचे शब्द मात्र टाइप करताना रोमन लिपीतच.)

ॲट्रिब्यूटचं नाव अवतरणात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून द्यायचं. उत्तर ट्रू किंवा फॉल्स. पण ट्रू म्हणजे नाव आहे, एवढंच. त्यात नन (पायथनचं 'काहीच नाही') भरलेलं असलं तरी ट्रूच येतं, आणि पुढच्या ओळीत ननचं भाडं काढायला जाऊन प्रोग्रॅम पडतो. म्हणून माझ्या कोडमध्ये बहुतेक ठिकाणी हे सापडेल:

गृह = गेटॲटर(लॉट, "शीतगृह", नन)
इफ गृह इज नॉट नन:
    भाडं = गृह.भाडं

ॲट्रिब्यूट नसला काय, रिकामा असला काय, दोन्ही इथंच निपटतं. तिसरी किंमत विसरलात तर मात्र गेटॲटरही एरर देतं.

आता खरी मेख. हॅजॲटर नुसतं डोकावून बघत नाही. ते ॲट्रिब्यूट खरोखर मागवतं आणि ॲट्रिब्यूटएरर आला तर 'नाही' म्हणतं. समजा तुम्ही हॅजॲटरनं 'भाडं' आहे का विचारताय, 'भाडं' ही प्रॉपर्टी (ॲट्रिब्यूटसारखी दिसणारी, पण मागितली की आतलं कोड चालवणारी) आहे आणि तिच्या आत कुणी सेल्फ.दरऐवजी सेल्फ.दार टाइप केलं. आतून ॲट्रिब्यूटएरर उठतो, हॅजॲटर शांतपणे फॉल्स सांगतं, आणि बेदाण्याची पट्टी भाडं न कापता छापून जाते. कुठं लाल अक्षर नाही, काही नाही. तिसरी किंमत दिलेलं गेटॲटरही हेच करतं. पायथन 2 मध्ये तर आत शून्यानं भागाकार झाला तरी हॅजॲटर ते गिळायचं, 3.2 पासून फक्त ॲट्रिब्यूटएरर गिळतं. प्रॉपर्टी न चालवता ती आहे का एवढंच बघायचं असेल, तर इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं गेटॲटर_स्टॅटिक वापरा.

ट्राय आणि एक्सेप्ट ॲट्रिब्यूटएरर हीही चालती रीत आहे, फक्त ट्रायमध्ये एकच ओळ ठेवा. अख्खा हिशेब आत कोंबलात की दुसरीकडची चूकही तिथंच दडपली जाते.

एकाच ॲट्रिब्यूटसाठी पाच ठिकाणी हॅजॲटर लिहावं लागत असेल, तर माझ्या मते घोळ क्लासमध्ये आहे. दोन्ही लॉटांचा एक मूळ क्लास करा, त्याच्या इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सेल्फ.शीतगृह = नन लिहा, आणि बेदाण्याच्या क्लासमध्ये ते भरा. मग विचारायचं कामच उरत नाही.

लॉट डिक्शनरी असेल तर यातलं काही लागू नाही. डिक्शनरीतली 'की' (किल्ली) म्हणजे ॲट्रिब्यूट नव्हे, त्यामुळे हॅजॲटर फॉल्सच देणार. तिथं "शीतगृह" इन लॉट असं विचारा, नाहीतर लॉट.गेट("शीतगृह") वापरा.