फ्रीजवरचा औषधांचा डबा आणि घरातलं वयात आलेलं मूल

दहावीतल्या मुलाच्या दप्तरात सिगारेट सापडली की आपण घर डोक्यावर घेतो. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली सापडली तर मात्र विचारतो, "अरे, बरं नव्हतं का तुला?" पण नशा औषधांचीही होते, आणि ती औषधं घरच्या डब्यातच असतात.

१. रविवारी डबा खाली काढा आणि सगळं टेबलावर ओता. मुदत संपलेल्या गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधा आणि मगच कचऱ्यात टाका.

२. उरलेल्यांतून 'आरएक्स' (Rx) छापलेली औषधं वेगळी करा. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची. आजोबांच्या झोपेच्या गोळ्या आणि कोडीन (अफूच्या कुळातलं द्रव्य) असलेलं खोकल्याचं औषध यातच येतं. हा ढीग कुलपात ठेवा.

३. आता मेडिकलमधून सहज आणलेल्या औषधांची लेबलं वाचा. फसगत होते ती इथेच. खोकल्याच्या पुष्कळ औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. झाकणभर घेतलं तर खोकला थांबतो. त्याहून फार जास्त पोटात गेलं तर भ्रम होतो, तोल जातो, छातीत धडधडतं. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत पॅरासिटामॉलही असतं. मोठ्या माणसासाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, आणि तीही सगळ्या औषधांतलं मिळून. जास्त झालं तर पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते, कधी तेवढीही नाही. यकृताचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतं.

४. गोळ्या मोजा आणि झाकणाच्या आत आकडा लिहून चिकटवा. हे मुलांसमोर करा, चोरून नको. हेरगिरी त्यांना आपल्याआधी कळते.

५. मग बोला. "नशा करतोस का?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर मिळणार. झोप लागते का, डोकं किती वेळा दुखतं, पाळीच्या दुखण्यावर किती गोळ्या लागतात, असं विचारा. बऱ्याचदा सुरुवात मजेतून होत नाही. पेपरच्या आदल्या रात्री झोप यावी म्हणून सर्दीची एक गोळी घेतली जाते आणि ती पुढे सवयीची होते. क्लासहून परतताना स्कूटरवर हे बोलणं सोपं जातं. एकमेकांकडे बघावं लागत नाही.

६. सवय लागलीय असं वाटलं तर व्यसनमुक्तीची 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यात 'मुक्तांगण' 1986पासून हेच काम करतंय. मन खचलेलं दिसलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

७. जास्त गोळ्या घेतल्याचं कळलं तर लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, रागावणं तर नंतरही होईल. 108 ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. पॅरासिटामॉलवरचा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. रिकामी पाकिटं आणि बाटल्या सोबत घ्या. डॉक्टर आधी तेच विचारतील, काय घेतलं, किती आणि किती वाजता.