घरच्या छोट्या सीएनसीवर चामड्याचा ठसा

चामड्यावर नाव किंवा चित्र दाबून उमटवायचा ठसा घरच्या सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या कोरणी यंत्रावर, काढता येतो. बाजारात 3018 या नावाने मिळणारी मशीन या कामाला पुरते. तिचा पाट 300 × 180 मिमी असतो, वर-खाली चाल सुमारे 45 मिमी, आणि ईआर11 कॉलेटमध्ये (टूल पकडणाऱ्या चिमट्यात) 3.175 मिमी दांड्याची टूल्स बसतात. या मशीनची चौकट मात्र लवचिक असते. म्हणून पहिला ठसा डेल्रिन या टणक प्लॅस्टिकमध्ये काढा, पितळेला नंतर हात घाला.

डेल्रिन 12 मिमी जाडीचं घ्या. ते स्वच्छ कापलं जातं, हातोड्याचा मार खातं आणि ओल्या चामड्यावर डाग पाडत नाही. त्यात उणीव एकच: उष्णता. 165 ते 175 अंशांना ते वितळतं आणि जळालं तर फॉर्मल्डिहाइडचा घातक धूर सोडतं, त्यामुळे गरम ठशासाठी आणि फॉइलसाठी (सोनेरी-चंदेरी पत्रा तापवून चिकटवायला) पितळच हवं. अॅक्रिलिक वापरायचंच असेल तर ओतीव शीट मागा. एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) शीट टूलला चिकटून गोळा होते. शिवाय अॅक्रिलिकचा ठसा फक्त दाबायचा, ठोकायचा नाही. ठोकला की तडकतो.

चित्र तयार करताना

ठसे बिघडतात ते बहुतेक इथेच, मशीनवर नाही. इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये कुठलीही रेघ 0.6 मिमीपेक्षा बारीक ठेवू नका. नावासाठी मुक्ता किंवा बालू यांसारखा भरीव फाँट ठळक वजनात घ्या. बारीक-जाड रेघांचा नाजूक फाँट चामड्यावर अर्धा गायब होतो.

अक्षरांचं पाथमध्ये (रेघांच्या आकारात) रूपांतर केल्यावर सगळं निवडून युनियन करायला, म्हणजे सगळे आकार एकात जोडायला, विसरू नका. देवनागरी फाँटमध्ये शिरोरेघा एकमेकींवर चढलेल्या असतात, काना-मात्राही शिरोरेघेत घुसलेल्या असतात. युनियन न करता फाइल पुढे पाठवली तर काही प्रोग्रॅम या चढलेल्या भागाला भोक समजतात आणि प्रत्येक जोडावर शिरोरेघ खाल्ली जाते. पडद्यावर हे दिसत नाही, कारण तिथे भरलेला रंग एकसंध वाटतो. आउटलाइन दृश्य लावून बघा.

दुसरी जागा ध आणि भ यांची. त्यांच्या शिरोरेघेतली फट बुजली की ध चा घ होतो आणि भ चा म. फट किती हवी, याचं उत्तर टूलच्या टोकात आहे. 30 अंशांचं, 0.2 मिमी टोकाचं व्ही-बिट (खाली निमुळतं होणारं टूल) 1.5 मिमी खोल गेलं की वर सुमारे 1 मिमी रुंद खाच पडते. म्हणजे फट 0.4 मिमीची असेल तर टूल तिथे जेमतेम 0.37 मिमी खोल जाईल आणि ठशात ती भरल्यासारखीच उमटेल. नोड्स (रेघेवरचे बिंदू) ओढून फट 0.7 मिमी करा, म्हणजे खोली 0.9 मिमीच्या पुढे जाते. ष, ठ आणि अनुस्वाराच्या आसपासच्या जागांनाही हेच लागू.

शेवटी चित्र आरशासारखं उलटं करा. इंकस्केपमध्ये उलटवलं असेल तर पुढच्या प्रोग्रॅममधला मिररचा पर्याय बंद ठेवा. दोनदा उलटवलेलं सुलटच होतं.

टूलपाथ, म्हणजे टूलने चालायची वाट, आखण्यासाठी एफ-एन्ग्रेव्ह हा प्रोग्रॅम मोफत आहे आणि पुरेसा आहे. चित्राभोवती चौकट किंवा वर्तुळ घालण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे अक्षराभोवतीची जागा कोरली जाते. खोलीची मर्यादा 1.5 मिमी द्या. 3 मिमीच्या चामड्यावर मोठ्या मोकळ्या जागा असलेलं चित्र असेल तर 2 मिमी, नाहीतर मधलं चामडं ठशाच्या तळाला टेकून चकाकतं. व्ही-बिटमुळे भिंतींना येणारा उतार फार कामाचा: बारीक रेघेला बूड रुंद मिळतं आणि दाबल्यानंतर ठसा चामड्यातून सहज सुटतो. उभ्या भिंतींचा ठसा चामडं ओढत बाहेर येतो.

कापणी

डेल्रिनला गोंद धरत नाही आणि दुहेरी टेपचाही भरवसा नाही. तुकडा ठशापेक्षा प्रत्येक बाजूला 15 मिमी मोठा घ्या आणि क्लॅम्पने आवळा. फार आवळलं तर तुकडा मधे फुगतो आणि कडेपेक्षा मधे जास्त कापला जातो. मग 3 मिमीच्या एंड मिलने (सपाट टोकाच्या टूलने) वरचा 0.2 मिमी थर काढून पृष्ठभाग सपाट करा. हे टाळलं तर ठशाचं एक टोक ठळक, दुसरं फिकं उमटतं.

मोकळी जागा 1 मिमीच्या दोन धारी एंड मिलने आधी साफ करा: टूलचे मिनिटाला 10,000 फेरे, पुढे सरकायचा वेग 400 मिमी प्रतिमिनिट, एका थरात 0.3 मिमी खोल. कडा व्ही-बिटने, त्याच वेगाने. कीस मोकळा, दोऱ्यासारखा निघाला पाहिजे. कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर टूल कापत नाही, घासतंय. पुढे सरकायचा वेग कमी करू नका, वाढवा. दोरे टूलला गुंडाळतात, ते मशीन थांबवूनच काढा. टूल बदलल्यावर फक्त झेड शून्य (उंचीची सुरुवात) पुन्हा घ्या, आडव्या-उभ्या जागेच्या एक्स-वायला हात लावू नका.

पितळ फ्री-कटिंग (सहज कापल्या जाणाऱ्या) प्रतीचं घ्या. एका थरात 0.1 मिमी खोल आणि 120 मिमी प्रतिमिनिट, त्याहून जास्त नको. कर्कश आवाज आला तर खोली निम्मी करा. त्याचे कण सुईसारखे उडतात, चष्मा लागतोच.

कोरून झाल्यावर चित्राभोवती 1.5 मिमी जागा सोडून ठसा कापा आणि त्या बाहेरच्या कडा काचपेपरने गोल करा. मूठ हवी असेल तर मागून 5 मिमीचं, 7 मिमी खोल भोक पाडून एम6 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा आणि बोल्ट बसवा.

चामड्यावर उतरवताना

आधी ठसा स्टॅम्प पॅडवर टेकवून कागदावर उमटवा. अक्षर उलटं आहे का आणि उंची सगळीकडे सारखी आहे का, हे लगेच कळतं.

चामडं बाभळीची साल किंवा हिरडा अशा वनस्पतीजन्य द्रव्यांत कमावलेलं हवं. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं क्रोम चामडं दाबल्यावर पुन्हा वर येतं, त्यावर थंड ठसा टिकत नाही. स्पंजने सगळा तुकडा सारखा ओला करा. नुसता मध्य ओला केला तर सुकल्यावर कडेला डागाची रेघ राहते. मग थांबा: रंग मूळच्या जवळ आला, पण गालाला लावल्यावर गार लागतं, तेव्हा दाबा. त्याआधी दाबलं तर पाणी वर येतं आणि कडा बुजतात. चपलेच्या तळाच्या जाड चामड्याला हा वेळ बराच जास्त लागतो.

25 × 25 मिमीपर्यंतचा ठसा सी-क्लॅम्पने उतरतो. त्याहून मोठ्याला 1 टनाचा आर्बर प्रेस (दांडा ओढून दाब देणारं हातयंत्र) लागतो. खाली स्टीलची सपाट पट्टी ठेवा. रबराची चटई ठेवली तर चामडं खालून दबतं आणि ठसा उथळ राहतो. अर्धा मिनिट दाब धरून ठेवा, मग सरळ वर उचला. एकाच बाजूला ठसा फिका आला तर त्याच खड्ड्यात बसवून पुन्हा दाबू नका, दुहेरी कडा पडते. ठशाच्या मागे त्या बाजूला कागदाची एक घडी घालून दुसऱ्या तुकड्यावर करून बघा.