वायफायचं स्प्लॅश पेज: दार उघडा आणि बाजूला व्हा

वाचनालयात किंवा सोसायटीच्या आवारात सगळ्यांसाठी वायफाय लावायचं ठरलं, की मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, "फोन जोडल्याबरोबर आपलं एक पान दिसलं पाहिजे." यालाच स्प्लॅश पेज म्हणतात. आमच्या वाचनालयातही म्हणाले. पहिलं पान मीच बनवलं. वर उद्घाटनाचा फोटो, त्यात अकरा विश्वस्त, खाली अटी, त्याखाली आणखी अटी आणि दोनदा स्क्रोल केल्यावर बटण. रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा आठवड्याभरात म्हणाले, "तुझं वायफाय राहू दे बाबा, माझा एक जीबी डेटा बरा."

आधी हे पान हवंच आहे का ते ठरवा. वायफाय फक्त सभासदांसाठी असेल तर पासवर्ड काउंटरवर लिहून ठेवा, विषय संपला. जर्मनीतल्या फ्रायफुंक या स्वयंसेवकांच्या चळवळीची नेटवर्क कुठल्याही लॉगिनशिवाय उघडी असतात. आपल्याकडे मात्र सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवावी लागते, बहुतेक वेळा ओटीपीने. २०२० साली मंजूर झालेल्या पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वायफाय योजनेत ते काम ॲप करतं. त्यामुळे नेट ज्यांच्याकडून घेताय त्यांना आधी विचारा. ओटीपी लागणारच असेल तर नंबरापलीकडे काही विचारू नका. नाव, ईमेल, जन्मतारीख घेऊन वाचनालय करणार काय?

मग राउटर. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मोफत प्रणाली चालेल असा राउटर घ्या आणि त्यावर नोडॉगस्प्लॅश किंवा त्यातूनच निघालेलं ओपनएनडीएस हे असं पान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका. (या घराण्यात कॅलिफोर्नियातल्या मंडळींचं नोकॅट आधी आलं, मग मॉन्ट्रियलच्या इल सां फिल या गटाचं वायफायडॉग आणि मग नोडॉग. मांजर नव्हतं, कुत्रा आला, कुत्राही गेला.) नोडॉगस्प्लॅशमध्ये पान म्हणजे एक साधी एचटीएमएल फाइल. मजकूर हवा तसा बदला, पण फॉर्ममधल्या टोकनला, म्हणजे फोन ओळखायच्या खुणेला, हात लावू नका. ते पुसलं गेलं तर लोक बटण दाबत राहतात आणि नेट काही सुरू होत नाही.

आता खरी मेख. फोनला कसं कळतं की इथे पान दाखवायचं आहे? वायफायला जोडल्याबरोबर अँड्रॉइड गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा करतो आणि २०४ क्रमांकाचं रिकामं उत्तर अपेक्षित धरतो. आयफोन ॲपलच्या पत्त्यावरून 'सक्सेस' एवढाच शब्द मागतो. राउटर मध्येच आपलं पान पुढे करतो, फोन समजून जातो आणि एक छोटी खिडकी उघडतो. ही खिडकी म्हणजे पूर्ण ब्राउझर नव्हे. तिच्यात कुकी (साइटने फोनवर ठेवलेली नोंद) टिकेल याचा भरवसा नाही, फाइल डाउनलोड होईल याचाही नाही. शिवाय नेट सुरू झालं की अँड्रॉइडवर ती आपोआप मिटते. म्हणून "धन्यवाद"चं वेगळं पान करत बसू नका, ते कुणी बघत नाही. सांगायचं ते पहिल्याच पानावर, एका ओळीत.

माझं दुसरं पान देखणं होतं, पण काही फोनांवर अक्षरंच उशिरा उमटायची. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उजेड पडला: नेट उघडायच्या आधी मी नेटवरून फॉन्ट मागवत होतो! फॉन्ट, लोगो, स्टाइल, जे काही लागेल ते राउटरवरच ठेवा. देवनागरीसाठी फोनमधला फॉन्ट पुरतो. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सेव्ह करा आणि पानाच्या सुरुवातीला तसं नमूदही करा, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. सगळं मिळून पान वीस केबीच्या आत बसवा. देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पाचशे चिन्हांचे जेमतेम दीड केबी. जागा खातात ते फोटो.

आमचं आजचं पान एवढंच आहे:

वाचनालयाचं मोफत वायफाय
सगळ्यांचं आहे, मोठे व्हिडिओ डाउनलोड करू नका.
सोमवारी वाचनालय बंद.
[ नेट सुरू करा ]
अडचण आली तर काउंटरवर विचारा.

बटण अंगठ्याला सहज सापडेल एवढं मोठं ठेवा आणि स्क्रोल न करता दिसू द्या. सविस्तर नियम वाचायचे असतील त्यांच्यासाठी खाली बारीक दुवा द्या.

कुणी सुरक्षित (https ने सुरू होणारी) साइट उघडत असेल तर ती अडवून तिथे आपलं पान घुसवू नका. ब्राउझर प्रमाणपत्राचा लाल इशारा दाखवतो आणि लोकांना वाटतं, वायफाय हॅक झालंय. नव्या फोनांसाठी सरळ वाट आहे: डीएचसीपीचा (फोन जोडताना राउटर त्याला नेटवर्कची माहिती देतो ती पद्धत) ११४ क्रमांकाचा पर्याय, ज्यातून राउटर स्वतःच सांगतो की पान कुठे आहे. ओपनएनडीएसमध्ये ती सोय आहे.

एकदा बटण दाबलं की निदान दिवसभर पुन्हा विचारू नका. तासातासाला पान दाखवणं म्हणजे पाहुण्याला दर घोटाला "चहा घेणार ना?" विचारणं. राउटर फोनला ज्यावरून ओळखतो तो खरा मॅक पत्ता फोन हल्ली लपवतात, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून तर सर्रास. त्यामुळे कालचाच माणूस कधीकधी राउटरला नवा वाटेल. तेवढं चालायचंच.

चाचणी घेताना मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन गुपचूप डेटावरून चालतो आणि पान चालतंय असा भ्रम होतो. नेटवर्क 'विसरा' करून पुन्हा जोडा. एक जुना स्वस्त अँड्रॉइड, एक आयफोन, एक लॅपटॉप एवढ्यांवर तरी बघा. आणि भिंतीवर एक कागद लावा: "पान उघडलं नाही तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका." ही साइट मुद्दाम साधी, बिनसुरक्षेची ठेवलेली आहे, त्यामुळे राउटरला तिच्या जागी आपलं पान दाखवता येतं. कागदावर पत्ता इंग्रजी अक्षरांत, ठळक लिहा. आमच्याकडे तो पेपरच्या स्टँडशेजारी आहे, आजोबा बसतात तिथेच.